१२एएक्स७ माइक प्रीअँप: हमिंग आणि तापणं, कामाच्या नोंदी (वरूड तालुका)

१४ एप्रिल २०२५: डबा जसा आला तसा

खंजिरी भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी बांधलेला एका चॅनलचा प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा. क्रम असा: डायनॅमिक माइक, १:१० चा माइक ट्रान्सफॉर्मर, १२एएक्स७ व्हॉल्व्हचे दोन्ही भाग गेनसाठी (सिग्नल वाढवायला), त्यांच्या मधे ५०० के चं लॉग पॉट (आवाज कमी-जास्त करायला), शेवटी १२एयू७ व्हॉल्व्हचा कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारी स्टेज). (नोंदींत ‘के’ म्हणजे किलोओहम.)

सप्लाय नेहमीच्या स्वस्त पद्धतीचा. बाजारात मिळणारा २३० ते १२ व्होल्ट, १ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या १२ व्होल्टवर दोन ओझी. एक, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) करून दोन्ही व्हॉल्व्हचे हीटर. दोन, तसलाच दुसरा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून बी प्लस, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं मोठं डीसी व्होल्टेज. सगळं अॅल्युमिनियमच्या बंद डब्यात.

तक्रारी दोन. घर्र आवाज येतो, पण चोवीस तास नाही. आणि रात्री उशिरा डबा इतका तापतो की आवाज जातो, थोड्या वेळाने आपोआप परत येतो.

बी प्लस २५० ते ३०० व्होल्ट डीसी आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. पहिल्या कपॅसिटरवर २२० के, २ वॅटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा लावला. ४७ मायक्रोफॅरड रिकामा व्हायला त्याला मिनिटभर लागतं. तेवढं थांबून, मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आल्याचं बघूनच आत हात घालायचा. घाई असेल तर १० के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय असेल तर ती रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दिवसांसोबत सोडून द्या, कपॅसिटर आतून खराब होतो.

१५ एप्रिल: सिरीज बोर्डवर

दुरुस्तीच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड (लाईन आणि डबा यांच्या मधे सिरीजला बल्ब), त्यात १०० ऐवजी ४० वॅटचा पिवळा बल्ब. एवढ्या छोट्या लोडला १०० वॅटचा बल्ब काहीच सांगत नाही. सुरुवातीला बल्ब किंचित उजळून मंद झाला, म्हणजे सरळ शॉर्ट नाही.

व्हॉल्व्ह काढून ठेवल्यावरही बल्बची तार लालसर राहते, हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. लोड नाही तरी करंट ओढला जातोय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा कोअर संशयित.

१७ एप्रिल: आधी लाईन मोजा

इथे बहुतेकांचा वेळ वाया जातो. हमिंग म्हटलं की लगेच शिल्डेड वायर बदलायची, व्हॉल्व्ह बदलायचे. नवा १२एएक्स७ आज दीड-दोन हजारांच्या घरात जातो आणि घर्र तसंच राहतं. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सर्किटांत लाईन २३० व्होल्ट धरलेली असते. इथे ती तशी नसते.

खोली गावाच्या टोकाला, संत्र्याच्या बागांच्या मोटारी त्याच डीपीवर (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर). सॉकेटवर मीटर लावून घेतलेली रीडिंग: थ्री फेज असताना, मोटारी चालू, १७८ ते १९०. संध्याकाळी मोटारी बंद, गावातले दिवे-पंखे-कूलर चालू, २१० ते २१८. रात्री साडेदहानंतर २५२, कधी २५६.

घर्र आवाज पहिल्या दोन वेळांना. आवाज जाणं-येणं फक्त तिसऱ्या वेळेला. एवढं कागदावर आल्यावर दोन तक्रारींकडे एकाच नजरेने बघता येतं.

१८ एप्रिल: ७८१२ चा हिशेब

हीटर सप्लायचं गणित मांडलं. दोन्ही व्हॉल्व्ह १२.६ व्होल्टच्या जोडणीत, म्हणजे पिन ४ आणि ५ वर सप्लाय, पिन ९ रिकामी. प्रत्येकी १५० मिलिअँप, एकूण ३०० मिलिअँप. १२ व्होल्टऐवजी १२.६ मिळावेत म्हणून ७८१२ च्या मधल्या पायाखाली १एन४००७ डायोड टाकलेला.

लाईन २३० असताना लोडवर सेकंडरी १२.८ व्होल्ट एसी. शिखर १८.१, ब्रिजमध्ये १.८ गेले, उरले १६.३. २२०० मायक्रोफॅरडवर ३०० मिलिअँपला रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) साधारण १.३५ व्होल्ट, म्हणजे खालचं टोक १४.९. रेग्युलेटरला आउटपुटच्या वर साधारण २ व्होल्ट लागतात, म्हणजे १४.६. फरक फक्त ०.३ व्होल्टचा. लाईन २२५ च्या खाली सरकली की रेग्युलेटर सुटतो (व्होल्टेज स्थिर ठेवू शकत नाही) आणि रिपलचं खालचं टोक थेट हीटरवर जातं. मोटारी चालू असताना तर तो रेग्युलेटर राहतच नाही, नुसती वायर होते.

खात्री करायची असेल तर पिन ४ आणि ५ वर एसी रेंजमध्ये मीटर लावा, पण मधे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये घालून. स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसी व्होल्टेजही भलतंच दाखवतात. १८४ व्होल्ट लाईनला इथे ०.४ व्होल्ट एसी मिळाला. २३८ ला जवळपास शून्य.

आता दुसरं टोक. लाईन २५५ झाली की ७८१२ च्या आधी सरासरी १७.६ व्होल्ट. १२.६ वजा केले, ५ उरले, गुणिले ०.३, दीड वॅट. हीटसिंक नाही. असा उघडा टीओ-२२० रेग्युलेटर वॅटमागे साधारण ६५ अंश चढतो, म्हणजे जवळपास ९८ अंश. बंद डब्यातली हवा मोजली तर ५५ भरली. बेरीज १५३. ७८१२ स्वतःला १५० च्या आसपास बंद करतो. हीटर थंड, आवाज गायब. रेग्युलेटर निवला की पुन्हा चालू. एप्रिलच्या रात्री हे होतंय, तर मे महिन्यात टिनाच्या खोलीत आणखी लवकर झालं असतं.

२० एप्रिल: दोन उपाय करून पाहिले, दोन्ही अर्धवट

२२०० च्या जागी ४७०० मायक्रोफॅरड. रिपल अर्ध्यावर आला, सुटण्याची हद्द २२५ वरून २१५ च्या आसपास उतरली. संध्याकाळचं घर्र बरंच कमी झालं, मोटारींच्या वेळचं तसंच.

मग ७८१२ डब्याच्या पत्र्याला बोल्ट केला, म्हणजे डबाच हीटसिंक. तापणं थांबलं, पण पिन ४-५ वर १२.६ चे १२.० झाले आणि एक नवीन बारीक भणभण सुरू झाली. कारण सरळ आहे: ७८१२ चा पत्रा आतून मधल्या पायालाच जोडलेला असतो. तो डब्याला टेकला की खालचा डायोड शॉर्ट होतो, आणि हीटरचा करंट डब्याच्या पत्र्यातून परतायला लागतो. अभ्रकाची चकती आणि बोल्टला प्लास्टिकची बुशी घातली की दोन्ही गोष्टी जातात. चकतीला दोन्ही बाजूंनी हीटसिंक पेस्ट लावायची, पातळ. नंतर मीटरने पत्रा आणि डबा यांत कंटिन्युइटी नाही हे पाहायचं. डायोडची युक्ती वापरणाऱ्या प्रत्येक सर्किटात हा सापळा आहे, आणि ते सर्किट छापणारे तो क्वचितच सांगतात.

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर खालचं टोक १९० व्होल्टपर्यंत सांभाळलं जातं, पण २५५ ला रेग्युलेटर साधारण ३ वॅट जाळतो. म्हणजे हमिंग घालवायला उष्णता विकत घ्यायची. १७८ पासून २५६ पर्यंत फिरणाऱ्या लाईनवर साधा रेग्युलेटर एका बाजूला सुटणार किंवा दुसऱ्या बाजूला भाजणार. हा मार्ग सोडला.

२३ एप्रिल: हीटरला अॅडॉप्टर

सीसीटीव्हीला वापरतात तो १२ व्होल्ट, २ अँपियरचा एसएमपीएस अॅडॉप्टर, २५० रुपये. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १७८ असो की २५५, बाहेर १२.१ व्होल्ट. १२.६ च्या हीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.३४ पर्यंत. पिन ४-५ वर फिल्टरनंतर ११.८ मिळाले. चालतंय.

१ अँपियरचा घेऊ नका. थंड हीटरचा रेझिस्टन्स फार कमी असतो, सुरुवातीचा करंट कितीतरी पट जातो. १ अँपियरचा अॅडॉप्टर त्या झटक्याला शॉर्ट समजून टिक-टिक करत बसतो आणि हीटर कधीच लाल होत नाही.

अॅडॉप्टर डब्याच्या बाहेरच ठेवायचा. आत येणाऱ्या दोन्ही तारांत प्रत्येकी १०० मायक्रोहेन्रीचा चोक, पुढे १००० मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड. हे नसेल तर हेडफोनमध्ये वाळू सांडल्यासारखी सळसळ येते.

अॅडॉप्टरचं ० व्होल्ट हवेत लोंबकळत ठेवायचं नाही. आतल्या छोट्या कपॅसिटरमधून त्यावर लाईनचा काही भाग झिरपतो आणि ५० हर्ट्झचा हूं आवाज येतो. ते सरळ ग्राउंडला न जोडता बी प्लसवरून उचललं: २५० व्होल्टवरून २२० के, खाली ४७ के, मधे ४४ व्होल्ट. ४७ के ला समांतर १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट. या बिंदूला हीटरचं ० व्होल्ट. हीटर कॅथोडपेक्षा वरच्या व्होल्टेजवर असला की हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. शिवाय १२एयू७ चा कॅथोड १०० व्होल्टवर बसलेला आहे, त्याच्या हीटरमधला ताणही कमी होतो.

मोटारी चालू असतानाचं घर्र गेलं. जे उरलं ते लाईन कितीही असली तरी तेवढंच राहतं. म्हणजे ते वेगळं दुखणं.

२६ एप्रिल: ट्रान्सफॉर्मर

हीटरचं ओझं काढूनही पहिला ट्रान्सफॉर्मर रात्री हात ठेवू देत नाही. लोड काढून नुसता प्रायमरी करंट मोजला: २३० ला ३८ मिलिअँप, २५५ ला ८१. व्होल्टेज अकरा टक्के वाढलं आणि करंट दुपटीच्या वर, म्हणजे कोअर भरलेला (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही). तार वाचवण्यासाठी वेढे कमी घातलेले असतात. असा कोअर तापतोच, शिवाय चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकतो, आणि ते थेट माइक ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतं. तापणं आणि हूं आवाज पुन्हा एकाच मुळाला.

उपाय तालुक्यातच आहे. मोटारी आणि पंखे रिवाइंड करणारा वाइंडिंगवाला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतो, फक्त त्याला आकडे द्यावे लागतात. दिलेले आकडे:

कोअर मधला पाय १ इंच, पट्ट्यांची थप्पी सव्वा इंच. व्होल्टला ६.५ वेढे. प्रायमरी १५०० वेढे, ३६ गेज (पंख्याच्या वाइंडिंगला लागते तीच तार, त्याच्याकडे असते). सेकंडरी १३६५ वेढे, ३८ गेज, लोडवर २०० व्होल्ट. दोघांच्या मधे तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक पदर, त्याची टोकं एकमेकांवर येतात पण मधे कागद. टोकं एकमेकांना टेकली तर तो शॉर्ट वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हे त्याला दोनदा सांगा, कारण मोटारीत असला पदर नसतो. पदराची एक तार बाहेर काढून डब्याच्या अर्थिंगला. शेवटी वार्निशमध्ये बुडवून वाळवणं, नाहीतर पट्ट्या किरकिरतात.

मजुरी आणि सामान मिळून ७०० रुपये. आठवडा गेला, कारण लग्नसराईत पंखे-कूलरचं काम आधी.

४ मे: नवा ट्रान्सफॉर्मर बसवला

लोडशिवाय करंट २३० ला ११ मिलिअँप, २५५ ला १४. रात्रभर चालू ठेवून सकाळी हाताला कोमट.

बी प्लस लोडवर २६८ व्होल्ट, १७८ च्या लाईनला २०७, २५५ ला २९८. हे कमी-जास्त झाल्याने हमिंग येत नाही, गेन थोडा बदलतो एवढंच. पण हीटर गरम व्हायच्या आधी, लोड नसताना, रात्री ३२९ व्होल्ट चढतात. ३५० व्होल्टचे कपॅसिटर इथे काठावर राहतात. ४०० किंवा ४५० चे, १०५ अंशवाले घ्या. इलेक्ट्रोलिटिक दर दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४४-४५ वर असते.

फिल्टरची साखळी: ४७ मायक्रोफॅरड, २.२ के (२ वॅट), ४७ मायक्रोफॅरड, इथून १२एयू७. पुढे १० के, २२ मायक्रोफॅरड, १२एएक्स७ चा दुसरा भाग. पुढे आणखी १० के, २२ मायक्रोफॅरड, पहिला भाग.

७ मे: उरलेलं घर्र, शेवटाकडून पुढे

इनपुटकडून शोधायला लागलं की गोंधळ होतो. शेवटाकडून सुरू करा. १२एयू७ चा ग्रिड (जिथून सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती पिन) ग्राउंडला शॉर्ट करा, पण तो ग्रिड ९५ व्होल्टवर आहे म्हणून सरळ वायरने नाही, ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टच्या कपॅसिटरमधून. आवाज गेला. मग १२एएक्स७ ची पिन ७ (दुसऱ्या भागाचा ग्रिड), सरळ वायरने. गेला. पिन २ (पहिल्या भागाचा ग्रिड) शॉर्ट केली, आवाज राहिला. म्हणजे दोष पहिल्या स्टेजमध्ये किंवा तिच्या ग्राउंडमध्ये.

लॅपटॉपवर ऑडॅसिटीत अर्धा मिनिट रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम पाहिला. ५० ला छोटी टेकडी, १००, २००, ३०० ला उंच सुळके. ५० म्हणजे हीटर, चुंबकीय क्षेत्र किंवा सुटलेलं ग्राउंड. १०० आणि त्याचे पट म्हणजे ब्रिजचे झटके.

ब्रिजची उणे तार थेट स्टार ग्राउंडच्या (सगळ्या ग्राउंड तारा जिथे एकत्र येतात त्या) बोल्टला गेलेली होती, आणि पहिल्या कपॅसिटरचं उणे टोक तीन इंचांवरून त्याच बोल्टला. कपॅसिटर भरतानाचे झटके मग त्या बोल्टमधून जातात, जिथे पहिल्या स्टेजचं ग्राउंडही बांधलेलं आहे. ब्रिजची उणे तार आधी कपॅसिटरच्या उणे पायावर आणली, तिथून एकच तार स्टारला. दोन ठिकाणी सोल्डर, खर्च शून्य. १०० चे सुळके जमिनीला गेले.

९ मे: माइक ट्रान्सफॉर्मर फिरवणे

उरलेल्या ५० साठी माइक ट्रान्सफॉर्मर सोडवून, तारांवर लोंबता ठेवून, हेडफोन लावून हळूहळू फिरवला. एका कोनात आवाज जवळजवळ संपतो. तिथेच पेनने खूण, तिथेच क्लिप. पॉवर ट्रान्सफॉर्मर डब्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूचं) कॅन असेल तर ते ठोकू, वाकवू, भोक पाडू नका, त्याचा गुण जातो.

माइकच्या एक्सएलआर सॉकेटची पिन १ (केबलची शिल्ड) आत येताक्षणीच डब्याला. ती लांब तारेने स्टारपर्यंत नेण्यात काही अर्थ नाही.

१२ मे: अर्थिंग, कूलर, इन्व्हर्टर

डब्यावर सगळं शांत, आणि लॅपटॉप चार्जरला लावला की हूं परत. सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३१, न्यूट्रल-अर्थ २६ व्होल्ट. अर्थ नावालाच.

काळ्या मातीची ही नेहमीची गोष्ट. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम, उन्हाळ्यात भेगा पडून माती पाइपपासून सुटते. अडीच मीटरचा ३८ मिमी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल. एप्रिल ते जून दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी. कूलरचं शिळं पाणी तिथेच ओता. न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टवर आलं.

ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थमधून गोल फिरणारा करंट) तोडायला कुणी प्लगची अर्थ पिन कापतं. ते करायचं नाही, आत ३०० व्होल्ट असलेल्या पत्र्याच्या डब्याला तर मुळीच नाही. डबा अर्थला पक्का, सेरेटेड वॉशर घालून. स्टार ग्राउंड आणि डबा यांच्यात १० ओहम, त्याला समांतर उलटसुलट दोन १एन५४०८ डायोड. लूपचा छोटा करंट १० ओहमने अडतो, दोष आला तर डायोडमधून अर्थला वाट मिळते.

कूलर एका फुटावर असेल तर मोटारीचं क्षेत्र ऐकू येतं. सहा फुटांवर नाही. माइकची केबल कूलरच्या वायरला समांतर नको, ओलांडायची तर काटकोनात.

लाईन गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नये. तो घर्र प्रीअँपमधला नाही, त्यामुळे तो आत शोधत बसू नका.

१९ मे: डब्याला हवा

तळाला ६ मिमीची भोकं, पाय १५ मिमी उंच, झाकणात व्हॉल्व्हच्या बरोबर वर भोकांची रांग. बाहेर ४३ असताना आतली हवा ४९. भोकांना आतून बारीक नायलॉनची जाळी: शेजारच्या खोलीत कापूस साठवतात, त्याचे तंतू खालच्या भोकांवर बसून हवा बंद करतात. महिन्याला ब्रश मारायचा.

२८ जून: पावसाळा

नवीन प्रकार: कडकड आणि मंद हूं, पहिल्या अर्ध्या तासात जास्त. डबा गरम झाला की कमी. बेकेलाइटच्या व्हॉल्व्ह सॉकेटवर धूळ आणि ओल, पिन १ आणि २ च्या मधे गळती. पिन १ म्हणजे प्लेट, तिच्यावर दीडशे व्होल्ट, शेजारी पिन २ वर ग्रिड, त्यामुळे मेगाओहमांची गळतीही पुरते. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने धुतला, हेअर ड्रायरने वाळवला. थांबलं. सिरॅमिक सॉकेट मागवलाय, ९० रुपये.

त्याच वेळी पॉटच्या वरच्या टोकावर डीसी मोजलं: ०.४ व्होल्ट. शून्य हवं. पहिला भाग आणि पॉट यांच्या मधला ०.१ मायक्रोफॅरडचा जुना कागदी कपॅसिटर गळतोय, म्हणून पॉट फिरवताना खरखर. ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन लावला, १८ रुपये. आता ० व्होल्ट, खरखर नाही.